नवी गाडी ट्रेलवर आणण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार. दसऱ्याला बऱ्याच जणांकडे नव्या गाड्या आल्या, मनापासून अभिनंदन! पण एक कळकळीची विनंती: पहिले १००० किलोमीटर पूर्ण होऊन पहिली सर्व्हिसिंग झाल्याशिवाय गाडी चिखला-दगडांत घालू नका. मॅन्युअलमध्ये जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळा.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर अजून नीट बसलेल्या नसतात. त्या बसायला कमी-जास्त होणारा, मध्यम भार लागतो. ट्रेलवर, म्हणजे चिखल-दगडांच्या कच्च्या वाटेवर, नेमकं उलटं होतं. लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोर गाडीचे जास्त ताकदीचे, कमी वेगाचे गिअर) इंजिन खूप फिरतं, गाडी मात्र मुंगीच्या पावलाने चालते, रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही आणि तापमान चढतं. रिंगा नीट बसल्या नाहीत तर गाडी पुढे ऑइल खात राहते. माझ्या गाडीचं पहिलं ऑइल काढलं तेव्हा दोन बोटांत चोळून पाहिलं होतं. उन्हात धरल्यावर त्यात घासलेल्या धातूच्या कणांची बारीक चंदेरी चकाकी दिसली. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो.

मग हे किलोमीटर कुठे काढायचे? पुणे-सातारा रस्त्याने कात्रजहून खंबाटकी घाटापर्यंत जाऊन या. चढ-उतार, गिअर बदलणं सगळं आपोआप होतं. हायवेवर तासभर एकाच वेगात राहू नका, ॲक्सिलरेटर तळाला दाबू नका, उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवू नका. ब्रेकचे पॅडही या काळातच घासून नीट बसतात. दुसऱ्याची गाडी ओढायला तर अजिबात जाऊ नका.

रविवारी ट्रेलला नव्या गाडीवाल्यांनीही जरूर यावं, जुन्या गाड्यांत जागा आहे.