बाबा, त्या कागदावर सही करू नका

ठाणे, रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

स्कूटरवर बाबांच्या मागे बसलेल्या आईला त्या पिकअपच्या अपघातात इजा झाली, त्याच्या भरपाईबद्दल फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही. बाबांचा आवाज चढतो, आई मध्येच विषय बदलते. म्हणून लिहितेय. दोघांनी सावकाश वाचा.

आधी त्या स्टॅम्प पेपरचं. पिकअप चालवणाऱ्या मुलाचे वडील पैसे घेऊन आले, आईच्या उशाशी बसून रडले. त्यांचं रडणं खरंच असेल. पण त्या कागदावर लिहिलंय की आमची काही तक्रार नाही आणि यापुढे कोणतीही मागणी करणार नाही. बाबा, आईच्या मांडीत रॉड आहे. तो पुढे काढावा लागेल का, पाय आखूड राहील का, तिला पुन्हा जमिनीवर बसता येईल का, यातलं काहीच डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही. कायमचं अपंगत्व किती, ते उपचार संपल्यावरच ठरतं. जे नुकसान अजून मोजलेलंच नाही ते मिटलं, असं आज लिहून कसं द्यायचं?

"त्या पोराचं वाटोळं होईल," असं तुम्ही म्हणता. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. पण भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तिथे कुणाला तुरुंगात पाठवत नाहीत. पोलिसांचा खटला वेगळा, तो आपण दावा केला काय आणि न केला काय, त्याच्या वाटेनं जाईल. त्या पिकअपचा नंबर मी सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकून पाहिला. विमा चालू दिसतो. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाई देता यावी, म्हणूनच कायद्यानं तो विमा सक्तीचा केला आहे. तेव्हा पैसे त्या घराच्या तिजोरीतून नाही, विमा कंपनीकडून मागायचे आहेत.

आता घाई का करतेय ते सांगते. तुमच्या कट्ट्यावरचे काका म्हणाले की दावा कधीही करता येतो. त्यांच्या वेळी ते खरं होतं, कारण 1994 च्या दुरुस्तीनं मुदतीची अट काढूनच टाकली होती. पण 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेनंतर सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा, असा नियम पुन्हा आला आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आईचा दावा त्या निकालाच्या भरवशावर ठेवायला माझी तयारी नाही.

सहा महिने पुष्कळ वाटतात, पण पुरावा तेवढा थांबत नाही. वळणावरच्या पेट्रोल पंपाचा कॅमेरा रस्त्याकडे रोखलेला आहे. मी तिथे फोन केला, तर पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. अशा कॅमेऱ्यांत काही दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं, मग कितीही पत्रं दिली तरी उपयोग नाही. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो गेला का, त्यात काय लिहिलंय, पंचनाम्याच्या नकाशात स्कूटर नेमकी कुठे दाखवली आहे, हे वकील आत्ता पाहतील. काही चुकीचं असेल तर हरकत घेण्याची वेळ हीच आहे. टपरीवाल्यानं सगळं पाहिलंय. पुढच्या वर्षी तो तिथेच असेल का, आणि त्याला एवढं आठवेल का?

बाबा, तुम्ही एक गोष्ट बोलत नाही, पण मला ती कळते. "मी थोडा हळू असतो तर" हे तुमच्या मनात रोज येतंय. चूक पिकअपचीच होती असं मला वाटतं. पण समजा त्यांनी अर्धी तुमच्यावर ढकलली, तरी मागे बसलेल्या आईचा हक्क त्यानं बुडत नाही. दोन वाहनांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली, तर त्याला पूर्ण भरपाई कोणत्याही एका बाजूकडून मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ही भीती मनात घेऊन तुम्ही मागे राहू नका.

आणि आई, "मी कुठं कमावते" हे वाक्य वकिलांसमोर म्हणू नकोस. पहाटेपासून रात्रीपर्यंत तू घरात जे करतेस त्याला पैशात मोल आहे, आणि ते भरपाईत धरलं जातं. 2021 च्या कीर्ती खटल्याच्या निकालात न्यायाधीशांनी गृहिणीच्या कामाबद्दल हेच लिहिलं आहे. आता स्वयंपाकाला बाई ठेवली आहे. तिला काय देता ते वहीत तारीखवार लिहा आणि तिची सही घ्या.

वकील कोण? वॉर्डात येऊन कार्ड देऊन गेलेला, "मिळेल त्यातले तीस टक्के" म्हणणारा माणूस नको. वकिलांनी असं गिऱ्हाईक शोधत फिरायचं नाही आणि भरपाईत वाटा ठरवायचा नाही, हा बार कौन्सिलचाच नियम आहे. अपघाताचे दावे रोज चालवणारे एक वकील मी सांगलीत पाहिले आहेत. अपघात कऱ्हाडकडे झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो, आईला लांब न्यावं लागणार नाही. फी झेपली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मी बुधवारी सकाळी विट्याला पोचते. वकिलांची वेळ दुपारची घेतली आहे. तोवर एफआयआरची प्रत पोलीस ठाण्यातून घेऊन ठेवा, ती तक्रारदाराला फुकट द्यावीच लागते. दवाखान्याची मूळ बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि रिक्षाच्या पावत्याही एका पिशवीत घाला, काही फेकू नका. त्या मुलाचे वडील पुन्हा आले तर चहा द्या, चौकशी करा, पण सही नाही. त्यांनी ठेवून गेलेल्या पैशांचं काय करायचं तेही बुधवारी वकिलांनाच विचारू.

तुमची,
मनू