सीटी नॉर्मल आला, तरी

पुणे

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रामकुंडाच्या ओल्या पायरीवर पडलात, सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि तुमच्यापुरता विषय संपला. माझ्यापुरता नाही. स्कॅनमध्ये त्या दिवशीचा रक्तस्राव किंवा मोडलेलं हाड दिसतं. डोक्याला मार लागून लक्ष, आठवण, विचारांचा वेग मंदावला असेल तर ते दिसत नाही. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. पण तुम्ही सत्तरी ओलांडलीत, त्यात हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी.

उतारवयात मेंदू जरा आक्रसतो, त्याच्या बाहेरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या मारानेही एखादी झिरपू लागते आणि रक्त आठवडेच्या आठवडे साठत राहतं. पहिला स्कॅन स्वच्छ असला तरी. मग माणूस विसरतो, पाय ओढत चालतो, दिवसभर पेंगतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. या दोन शब्दांचा मला राग येतो, कारण वेळेत कळलं तर कवटीला लहानसं छिद्र पाडून ते रक्त काढता येतं.

आई, तुला वेगळं सांगते, कारण बाबांना स्वतःला हे जाणवेलच असं नाही. परवा एकाच फोनवर त्यांनी त्र्यंबकला कधी जायचं ते पुन्हा पुन्हा विचारलं. दूधवाल्याचा हिशेबही म्हणे आता तूच करतेस. बँकेत जन्म गेलेला माणूस! दुधाचे खाडे मांडतेस त्याच कॅलेंडरवर असं काही दिसलं की लिहीत जा. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, बोलताना जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला किंवा नीट जागच येईना, तर मध्यरात्रीही थेट हॉस्पिटल. शेजारच्या काकांना उठव, संकोच करू नकोस.

शनिवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे. बाबा, तिथे बहुधा 30 गुणांची एक चाचणी घेतील. घड्याळ काढायचं, पाच शब्द लक्षात ठेवायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. वेडबिड ठरवायला नाही, पुढे तुलना करायला आजचा आकडा हाती हवा म्हणून. आई, घरी सराव घेऊ नकोस हं, तुझी सवय मला ठाऊक आहे!

शुक्रवारी रात्री पोचते. जुना स्कॅन, गोळ्यांची चिठ्ठी, चष्मा काढून ठेवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि स्कूटरची किल्ली आईकडे.

तुमची,
चिमी