माझा भांग नीट बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम नमस्कार, रोज इतक्या बायका येतात त्यात मी लक्षात असेन असं नाही, पण गड्ड्याच्या जत्रेच्या आधीच्या आठवड्यात एक जण डोक्याला ओढणी गुंडाळून आली आणि खुर्चीत बसल्या बसल्या रडायलाच लागली, ती मी.

दोन वर्षं भांग रुंद होत चालला होता. कपाळावरची केसांची रेघ जिथल्या तिथे, पण मधे टाळू दिसायची, आणि आपल्या सोलापूरचं ऊन, दुपारी नव्या पेठेत गेलं की तिथंच चटका बसायचा. सासूबाई म्हणायच्या बोअरचं पाणी बाधलं, शेजारची म्हणायची कांद्याचा रस लाव (आठ दिवस उशीला वास येत होता). एका ठिकाणी तर डोक्याकडे न बघताच रक्ततपासण्या दिल्या, नॉर्मल आल्या तर म्हणे टेन्शन घेऊ नका, आणि वर केसांसाठी म्हणून बायोटिन व्हिटॅमिनच्या गोळ्या.

तुम्ही रिपोर्टची फाईल बाजूला सारली आणि आधी डोकं बघितलंत की ओ. साठेक केसांची बट चिमटीत धरून हळू ओढली, दोनच आले, म्हणालात सहाच्या वर आले असते तर वेगळा विचार केला असता. मग ते भिंगाचं छोटं मशीन टाळूला लावून स्क्रीनवर दाखवलंत. मागच्या बाजूला एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस, सगळे सारख्या जाडीचे. आणि भांगात एकेकच, एक दोऱ्यासारखा तर शेजारचा जावळासारखा. ते बघून मला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं की केस नुसते गळत नव्हते, बारीक होत चालले होते.

हार्मोनचंही तुम्हीच समजावलंत. पाळी वेळेवर येते का, हनुवटीवर जाड केस येतात का, पिंपल्स येतात का, सगळं विचारलंत, कारण तसं काही असेल तर पीसीओएससारखं (बीजकोशाचा हार्मोनचा त्रास) कारण शोधायला हार्मोनच्या तपासण्या लागतात. पण असे केस विरळ होणाऱ्या बहुतेक बायकांचे हार्मोन रक्तात नॉर्मलच येतात, आणि पुरुषांसारखं सगळं डीएचटी या पुरुषी हार्मोनवर ढकलताही येत नाही. म्हणजे माझा रिपोर्ट खरा होता आणि माझा भांगही खरा होता! बायोटिनने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो म्हणून त्या गोळ्या थांबवून ती तपासणी परत करायला लावलीत, सोबत फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी. थायरॉईड ठीक निघालं, फेरिटिन कमी.

मिनॉक्सिडिल हे केस वाढायचं औषध देताना आधी विचारलंत, बाळाचा विचार आहे का, कारण गरोदरपणात ते चालत नाही. सुरुवातीला केस उलट जास्त गळतील हेही सांगितलं होतंत, तरी महिन्याभराने पांढऱ्या टॉवेलवर काळा गुंता बघून मी रात्री नऊला फोन केला, आणि तुम्ही न चिडता म्हणालात, अहो हेच सांगितलं होतं ना, बंद करू नका, चार-सहा महिने तरी द्या.

सहा महिने झाले. फार जादू वगैरे नाही, पण परवा पार्लरवाली भांग पाडताना म्हणाली, ताई इथं बारके केस आलेत की. थँक्यू मॅडम. पुढच्या सोमवारी फोटोला येते, शेंगाचटणी आणतेय, यावेळी तिखट जरा जास्तच पडलंय.