अल्व्हार लिडेल यांना, मराठी बातम्या वाचणाऱ्यांकडून

आदरणीय अल्व्हार लिडेल यांस,
सप्रेम नमस्कार.

आम्ही मराठीतून बातम्या वाचणारी आणि नव्या मुलांना त्या वाचायला शिकवणारी माणसं. तुम्ही जानेवारी १९८१ मध्ये गेलात, तरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीवरून बातम्या वाचणारा तुमचा आवाज आजही आमच्या शिकवण्यात असतो. त्याचे आभार जाहीरपणे मानायचे राहून गेले होते.

सुरुवात तुमच्या नावापासून करतो. ‘अमुक अमुक आपल्याला बातम्या देत आहे’ हे वाक्य मराठी श्रोत्याच्या कानात इतकं मुरलेलं आहे की त्यात विशेष काही असेल असं वाटतच नाही. बीबीसीवर मात्र १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत निवेदक निनावी असे. जर्मन फौजा ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरल्या, एखादं केंद्र त्यांच्या हाती पडलं आणि कुणी अस्खलित इंग्रजीत खोटी बातमी वाचली तर ती ओळखायची कशी, या काळजीतून नाव सांगायला सुरुवात झाली. नाव आणि आवाज यांची जोडी श्रोत्यांच्या डोक्यात पक्की बसली, की नाव तेच पण आवाज परका असं झाल्याबरोबर लोक सावध होतील, असा तो हिशेब होता. पुढे १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स यांना त्यांच्या उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बोलीसकट बातम्यांना बसवलं, त्यामागेही तो ढंग शत्रूला उचलायला अवघड जाईल हा विचार होता. नवी मुलं स्वतःचं नाव घाईने उरकतात, शेवटचं अक्षर गिळतात. त्यांना आम्ही हा इतिहास सांगतो. नाव ही बातमीपत्रावरची सही आहे हे एकदा पटलं, की ती नीट केली जाते.

दुसरी गोष्ट तुमच्या व्यंजनांची. तुमचं बोलणं आज काहींना फार कोरीव वाटतं. त्यांना तेव्हाचं प्रक्षेपण ठाऊक नसतं. शत्रूच्या विमानांना रेडिओच्या लहरींवरून दिशा काढता येऊ नये म्हणून सप्टेंबर १९३९ पासून बरीच प्रक्षेपण केंद्रं एकाच तरंगलांबीवर, ३९१ किंवा ४४९ मीटरवर, एकत्र चालवली जात. हल्ला जवळ आला की त्या भागातलं केंद्र बंद व्हायचं आणि श्रोत्याला दूरच्या केंद्राचा क्षीण, वरखाली होणारा आवाज मिळायचा. अशा आवाजात स्वर कसेबसे पोचतात, व्यंजनं हरवतात. ती पोचवण्यासाठी तुम्ही ओरडत नव्हता. शब्दाचा शेवट पुरा करून मगच पुढे जात होता.

३ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी तुम्ही डाउनिंग स्ट्रीटवर, ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवासस्थानी, माइकपाशी होता. पोलंडमधून माघार घेण्यासाठी ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत ११ वाजता संपली आणि सव्वाअकराला तुमच्या घोषणेनंतर पंतप्रधान चेंबरलेन यांनी युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं. १९३६ मध्ये ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याच्या राज्यत्यागाची बातमीही तुम्हीच वाचली होती. बर्मिंगहॅमला १९३२ मध्ये रुजू झालेल्या माणसाच्या वाट्याला सात वर्षांत हे दोन्ही प्रसंग आले.

असा शांतपणा जन्मजात असतो, असं लोक म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. तुम्ही बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीतले गायक होता आणि श्वास कुठे घ्यायचा हे गाणाऱ्याला आधी ठरवावं लागतं. तुमचं वाचन ऐकत आम्ही मराठीसाठी जी रीत बसवली, ती अशी. मजकूर मोठ्याने एकदा वाचायचा, घड्याळ लावून, आणि पानाच्या कोपऱ्यात सेकंद लिहायचे. इंग्रजीत सेकंदाला तीन शब्द हा ढोबळ हिशेब चालतो. मराठीत प्रत्यय चिकटून शब्द लांबतात, त्यामुळे तो हिशेब लावला की बातमीपत्र हमखास लांबतं. नंतर पेन्सिलीने खुणा करायच्या: श्वासाला एक तिरकी रेघ, बातमी संपली की दोन. एका वाक्यात एकाच शब्दाखाली रेघ ओढायची. तीन शब्दांवर जोर दिला तर कशावरच दिलेला नसतो.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो ‘नाही’चा. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्यावर येऊन जातो. मराठीत तो अगदी शेवटी येतो, नेमका श्वास संपत आलेला असताना. ‘पुलाचं नुकसान झाल्याच्या वृत्ताला अधिकाऱ्यांनी दुजोरा दिलेला नाही’ हे वाक्य एका दमात वाचून बघा. ‘दिलेला’पर्यंत आवाज उतरतो, ‘नाही’ घशातच राहतं आणि बातमी उलटी होते. म्हणून प्रत्येक ‘नाही’भोवती गोल करायचा आणि त्याच्या दोन शब्द आधी श्वासाची रेघ मारायची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांसारखे जुळे आकडे अक्षरांत लिहून घ्यायचे. कागद एका बाजूलाच छापलेले हवेत, टाचणी काढलेली हवी आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाता कामा नये. माइक वीतभर अंतरावर, तोंडाच्या सरळ रेषेपासून जरासा बाजूला ठेवायचा, नाहीतर फ आणि भ फटाक्यासारखे वाजतात.

आकडा वाचणाऱ्याचा नसतो, हेही सांगावं लागतं. १५ सप्टेंबर १९४० ला जर्मनीची १८५ विमानं पाडल्याचं जाहीर झालं; खरा आकडा साठच्या आसपास होता. माइकसमोर बसलेल्याला ते कळायला मार्ग नव्हता. म्हणूनच ‘हवाई खात्याने म्हटलं आहे’ यासारखे शब्द खाऊन चालत नाहीत.

तुमचे सहकारी ब्रूस बेलफ्रेज यांचेही इथेच आभार मानतो. १५ ऑक्टोबर १९४० ला ब्रॉडकास्टिंग हाउसवर, म्हणजे बीबीसीच्या मुख्यालयावर, पडलेला बॉम्ब रात्री नऊच्या बातम्या चालू असताना फुटला आणि सात माणसं गेली. श्रोत्यांना धप्प असा आवाज आला, क्षणभर शांतता झाली आणि बेलफ्रेज यांचं वाचन पुढे सुरू झालं. ती शांतता आम्ही मुलांना पुन्हा पुन्हा ऐकवतो. काही बिघडलं की आधी थांबायचं, ओळ शोधायची आणि मग बोलायचं. न थांबता सावरायला गेलं की दुसरी चूक होते.

१९४३ मध्ये तुम्ही हवाई दलात गेलात आणि शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्कला गुप्तवार्ता अधिकारी म्हणून काम केलंत. देशभर ओळखीचा झालेला आवाज एक अवाक्षरही बाहेर न जाणाऱ्या जागी गेला. १९६९ मध्ये निवृत्त झालात. १९७९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ‘लिसनर’ साप्ताहिकात रेडिओवरच्या बिघडलेल्या बोलण्याबद्दल लेख लिहिलात, त्यानंतर बीबीसीने भाषेच्या जाणकारांकडून तपासणी करून घेतली. त्या वयात दुसऱ्यांच्या चुकांसाठी एवढा जीव जाळणारा माणूस आम्हाला आपला वाटतो.

एका कामाचे आभार वेगळे मानायचे आहेत. अंधांसाठी तुम्ही दोनशेहून अधिक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित केलीत. आमच्यातले काही जण हेच काम मराठीत करतात. पुस्तकाला आठ-दहा बैठका लागतात आणि दर बैठकीला आवाज थोडा वेगळा लागतो. मग सोमवारचं प्रकरण आणि गुरुवारचं प्रकरण दोन वेगळ्या माणसांनी वाचल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय एकच सापडला आहे: बसल्याबरोबर मागच्या वेळचं शेवटचं पान कानाला लावून ऐकायचं, त्याच सुरात दोन परिच्छेद वाचून ते पुसून टाकायचे आणि मग लाल दिवा लावायचा. दोनशे पुस्तकांत असं किती वेळा करावं लागलं असेल, याचा अंदाज आम्हाला आहे.

आपले कृतज्ञ,
मराठी बातम्या वाचणारे आम्ही काही जण