बोटासने वाट का दिली

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "पुढे असलेला माणूस मागच्याला वाट का देतो? शर्यत आहे ना ती?" मी स्वयंपाकाच्या घाईत "टीमचा हुकूम असतो" एवढंच बोलले. पण ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून आता नीट लिहिते. आई, तूही वाच, कारण "त्या बिचाऱ्या बोटासचं कोणी बघितलं का?" असं तू मागून म्हणालीस, ते माझ्या मनातून जात नाहीये.

तुम्ही बघितलीत ती रशियातल्या सोचीची, 2018 ची फॉर्म्युला वन शर्यत. मर्सिडीजचे ते भरभराटीचे दिवस होते. 2014 पासून 2021 पर्यंत सलग 8 वर्षं संघांचं विजेतेपद त्यांच्याकडे होतं. त्यांची इंजिनं इथे इंग्लंडात, आमच्या नॉर्थॅम्प्टनजवळच, ब्रिक्सवर्थला होतात आणि गाड्या ब्रॅकलीला. इथे कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी त्या कामाशी जोडलेलं असतं, त्यामुळे सोमवारी ऑफिसात हाच विषय निघतो.

गाडी इतकी वेगवान असली की खरी लढत आपल्याच संघातल्या दोन चालकांत सुरू होते. मर्सिडीजचे दोघे, लुईस हॅमिल्टन आणि निको रोसबर्ग, लहानपणी कार्टिंगमध्ये एकाच संघातून धावलेले, मित्र. 2016 मध्ये बार्सिलोनाला ते पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळले आणि दोन्ही गाड्या बाद झाल्या. त्याच वर्षी अबुधाबीच्या शेवटच्या शर्यतीत हॅमिल्टन पुढे राहून मुद्दाम सावकाश चालवत होता, म्हणजे मागच्यांनी रोसबर्गला गाठावं. संघाने रेडिओवरून वेग वाढवायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही. रोसबर्ग 5 गुणांनी विश्वविजेता झाला आणि त्याच आठवड्यात त्याने निवृत्ती जाहीर केली. मला त्याचं नवल वाटलं नाही. अशा घरात माणूस दमून जातो.

त्याच्या जागी 2017 मध्ये विल्यम्स संघातून आला वॉल्टरी बोटास. फिनलंडचा, अबोल, कामाला चोख. संघप्रमुख टोटो वोल्फ यांना घरातलं भांडण थांबवायचं होतं, आणि ते थांबलंही. पण त्याची किंमत कोणी दिली, ते हंगेरीपासून सांगते, कारण तिथे मला हॅमिल्टन पहिल्यांदा खरा पुढारी वाटला.

हंगेरी, जुलै 2017. पुढे फेरारीच्या दोन्ही गाड्या, फेटल आणि रायकोनेन. तिसरा बोटास, चौथा हॅमिल्टन. हॅमिल्टनचा वेग जास्त होता. बोटासला सांगितलं, त्याला जाऊ दे; त्याला रायकोनेनला गाठता आलं नाही तर तुझी जागा तुला परत मिळेल. बोटासने वाट दिली. हॅमिल्टनने खूप झुंज दिली, पण रायकोनेन काही सापडेना. तोवर बोटास सुमारे 7 सेकंद मागे पडलेला आणि त्याच्या पाठीला रेड बुल संघाचा व्हर्स्टापेन चिकटलेला. अशा वेळी दिलेला शब्द विसरायला हजार सबबी मिळतात. हॅमिल्टन विजेतेपदात फेटलच्या मागे होता, एकेक गुण मोलाचा होता. तरी शेवटच्या फेरीत, अगदी शेवटच्या वळणावर त्याने गाडी हळू केली, बोटासला पुढे जाऊ दिलं आणि व्हर्स्टापेनला येऊ न देता स्वतः चौथा आला. 15 ऐवजी 12 गुण मिळाले. फेटल 14 गुणांनी पुढे गेला. पुढे हॅमिल्टनच विश्वविजेता झाला, पण त्या वळणावर त्याला हे ठाऊक नव्हतं.

आता सोची. तिथेच 2017 मध्ये बोटासने आयुष्यातली पहिली शर्यत जिंकली होती. 2018 ला त्याने पहिल्या जागेवरून सुरुवात केली, पुढेही तोच होता. हॅमिल्टनच्या टायरला फोड आले होते आणि फेटल मागे होता, म्हणून 25 व्या फेरीत बोटासला हुकूम आला. तो बाजूला झाला. शेवटी त्याने रेडिओवर विचारलं, जागा परत मिळणार का? नाही मिळाली. हॅमिल्टनची आघाडी शर्यतीआधीच 40 गुणांची होती, नंतर 50 झाली. बोटासला त्या अख्ख्या वर्षात एकही शर्यत जिंकता आली नाही. माझं मत स्पष्ट आहे, तो हुकूम द्यायला नको होता. वोल्फ यांनी दोष स्वतःवर घेतला, हॅमिल्टनचा चेहराही उतरला होता, पण विजय गेला तो बोटासचा. फेरारीने 2002 मध्ये ऑस्ट्रियात आपल्याच बारिकेलोला शूमाकरसाठी असंच थांबवलं होतं. शूमाकरने नंतर त्याला मंचावर सगळ्यात वरच्या पायरीवर उभं केलं, तरी लोक ओरडत राहिले. पायरीवर चढवून असली भरपाई होत नसते.

त्याच 2018 मधली आणखी एक गोष्ट आहे. ऑस्ट्रियात हॅमिल्टन पुढे असताना त्याला टायर बदलायला वेळेवर बोलावलं गेलं नाही आणि आघाडी हातची गेली. तेव्हा डावपेच ठरवणारे जेम्स व्हाउल्स स्वतः रेडिओवर आले आणि सगळं जग ऐकत असताना म्हणाले, चूक माझी आहे. बोटासला एखादी कडू गोष्ट सांगायची असली की "वॉल्टरी, मी जेम्स बोलतोय" असं म्हणणारा आवाजही त्यांचाच. त्या माणसाचा मला राग येत नाही. जो स्वतःची चूक जगासमोर कबूल करतो, त्याचा हुकूम ऐकताना निदान एवढी खात्री असते की उद्या तो आपल्या मागे लपणार नाही.

बाबा, बोटासबद्दल लिहिताना सारखे तुम्हीच डोळ्यांसमोर येता. बढतीच्या प्रत्येक वेळी कंपनीत तुम्हाला "पुढच्या खेपेला बघू" हेच ऐकायला मिळालं. (बोटासलाही पाच वर्षं एकेका वर्षाचाच करार मिळत गेला.) तुमच्या हाताखाली शिकलेला मुलगा टूलरूमचा साहेब झाला, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही त्याला तुमची ती लाल वही उघडून दाखवत बसलात, कुठल्या डायला, म्हणजे साच्याला, कुठे किती शिम (पातळ पत्री) घालायची ते. आई किती चिडली होती! मीही चिडले होते. तुम्ही म्हणालात, "उद्या प्रेस अडली तर पोरांचंच नुकसान."

तुम्ही कमी पडलात म्हणून मागे राहिलात असं कोणाला वाटत असेल, मला कधीच वाटलं नाही. तुमच्या निष्ठेवर ती टूलरूम चालत होती आणि तिची कदर करणं हे वरच्यांचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही. हंगेरीच्या त्या शेवटच्या वळणासारखं काही तुमच्या वाट्याला यायला हवं होतं, याची मला आजही हळहळ वाटते.

पुढच्या फोनवर मला एक सांगा. त्या मुलाने, साहेब झाल्यावर, तुमच्यासाठी कधी काही सोडलं का? तुम्ही त्याचं नाव नेहमी प्रेमाने घेता, म्हणून विचारते.

आई, साखरेचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. व्हिसाचे कागद मी या आठवड्यात भरते. जुलैत सिल्व्हरस्टोनची शर्यत आहे, घरापासून लांब नाही. बाबांना घेऊन जाणार आहे आणि तूही यायचंस.

तुमची,
मेघा