डबलडेकरवाल्या काकांना खूप खूप थँक्यू

काका, तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही माहितीये, तरी सगळ्यांसमोर लिहितेय, नात वाचून दाखवेल.

आपल्या जुन्या डबलडेकर बसला काल लाल रंगाचा शेवटचा हात मारून झाला!

मंडळाने ती भंगारातून सोडवली तेव्हा पहिल्या गॅरेजवाल्याने गंजावरच लांबी (पुट्टी) फासून वरून चकाचक रंग मारला, आम्हाला वाटलं झालं काम, आणि पहिल्याच पावसात फोड आले. मग तुम्ही आलात. आयुष्य डेपोत बॉडी फिटिंगमध्ये गेलेलं, पण कसला रुबाब नाही, पिशवीतून छोटा हातोडा काढला आणि रिव्हेटवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवर, टकटक करत अख्खी गाडी फिरलात. घट्ट रिव्हेट खणखणतो, सैल झालेला भद्द वाजतो, प्रत्येक भद्दला खडूचा गोल. सगळ्यात जास्त गोल खिडक्यांखाली, कारण तिथे जोडात पाणी साचतं आणि पत्रा आतून खातं, त्यात आपली खारी हवा. सगळे पत्रे उतरवून खरवडून गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात बसेपर्यंत तुम्ही लाल रंगाचा डबा उघडू दिला नाहीत.

पण जिन्याच्या पायऱ्या बदलू दिल्या नाहीत ते सगळ्यात भारी केलंत. मधोमध घासून गुळगुळीत झाल्यात, तुम्ही म्हणालात ही पॅसेंजरची सही आहे, राहू दे.

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, डबलडेकर आली १९३७ ला, आणि जुन्या डिझेलवाल्या १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून गेल्या. आता इलेक्ट्रिक एसी डबलडेकर आहेत, छान आहेत, पण माझे बाबा ज्या गाडीत वरचे कंडक्टर होते ती ही. एक कंडक्टर खाली, एक वर, आणि मागचं काही दिसत नसल्यामुळे ड्रायव्हरचा सगळा भरवसा घंटीवर, एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल.

काल बाबांना आणलं. गुडघे दुखतात तरी दांडा धरून त्याच पायऱ्यांवरून वर गेले, तुम्ही नवीन ओवलेली घंटीची दोरी चाचपली आणि दोनदा ओढली. टिंग टिंग. मग कितीतरी वेळ पुढच्या सीटवर बसून राहिले, मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, निदान रविवारी जेवायला तरी या, काकूंनाही आणा. बाबा वाट बघतायत. आणि वरच्या मागच्या खिडकीची काच अजून अडकते, तिला मी कोणालाच हात लावू दिला नाहीये.