प्रश्न विचारायचा, तो डॉक्टरलाही आणि भुकटी विकणाऱ्यालाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मागे एका पानावर लेख होता, ‘डॉक्टर सांगतील तेच करा, उगाच शंका काढू नका’ अशा सुराचा. त्याच्या समोरच्या पानावर पानभर जाहिरात होती. एक भुकटी घ्या आणि गोळ्यांपासून सुटका मिळवा, असं तीत म्हटलं होतं. या दोन्ही पानांनी माझं नुकसान केलेलं आहे. आपल्या अंकांनी नव्हे, पण त्या दोन सल्ल्यांनी नक्की. म्हणून हे पत्र.

माझं वय ६१. टपाल खात्यातून निवृत्त झाले, नंदनवनात राहते. मधुमेह २०११ पासून आहे आणि तेव्हापासून मेटफॉर्मिन चालू आहे. तीन वर्षांपूर्वी तळपायाला मुंग्या यायला लागल्या, रात्री आग व्हायची. एकदा बुधवार बाजारात भाजी घेताना उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि मला ते कळलंच नाही. भाजीवालीनं हाक मारून दाखवली तेव्हा अंगावर काटा आला. डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, ‘‘मावशी, इतक्या वर्षांची शुगर आहे, हे होणारच.’’ रात्रीची एक गोळी लिहून दिली. दोन महिन्यांनी तीच गोळी वाढवली. ‘दुसरं काही कारण असेल का?’ हे माझ्या ओठावर आलं होतं, पण बाहेर तीस माणसं बसली होती. मी उठले.

आमच्या गल्लीत तेव्हा एक जोडपं ‘न्यूट्रिशन’चं काम करायचं. घरी बोलावलं, पाऊण तास बसवून घेतलं. सकाळी काय खाता, भाकर ज्वारीची की पोळी, चहा किती वेळा, झोप कशी, सगळं विचारलं. अकरा वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. शिकलेली माणसं या लोकांच्या नादी कशी लागतात, असं जे विचारतात त्यांना माझं उत्तर हेच आहे. तिथे आपलं ऐकून घेतात. भुकटी, हिरव्या गोळ्या आणि कसलं तरी तेल मिळून महिन्याचे ६,८०० रुपये व्हायचे. ‘‘मेटफॉर्मिन म्हणजे जहर हाय काकू, आधी ते बंद करा,’’ असं सांगितलं. मी बंद केलं. पाच आठवड्यांत उपाशीपोटीची साखर ३४० वर गेली. मी घाबरून विचारलं तर म्हणाले, शरीरातला मळ बाहेर पडून राहिला.

या सगळ्यातून मला बाहेर काढलं माझ्या भाचीनं. ती अमरावतीला परिचारिका आहे. फोनवर तिनं एकच प्रश्न विचारला, ‘‘आत्या, बी-ट्वेल्व्ह कधी तपासलं का?’’ कधीच नाही. धंतोलीत जाऊन रक्त दिलं. २०० च्या खाली गेलं तर कमतरता मानतात, माझं आलं १३२.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-ट्वेल्व्ह शोषायला अडथळा येतो, आणि ते कमी पडलं की नसा बिघडून मुंग्या येतात. हे काही कोणी दडवून ठेवलेलं नाही. वैद्यकाला ते अनेक दशकांपासून ठाऊक आहे. असे रुग्ण अधूनमधून तपासावेत, विशेषतः मुंग्या किंवा रक्तक्षय असेल तर, असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे. त्यात आमच्या घरात माळ आहे, अंडं-मटण नाही. आणि हे जीवनसत्त्व मिळतं ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातूनच. म्हणजे दूध-दह्यातून येईल तेवढंच. त्या हिरव्या गोळ्या स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या होत्या. त्यांवर ‘बी-ट्वेल्व्हचा नैसर्गिक स्रोत’ असं छापलेलं होतं. पण स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी नकली रूप, माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग नाही. आजाराची अर्धी बाजू डॉक्टरांनी पाहिली नाही आणि उरलेली अर्धी त्या गोळ्यांच्या डब्यानं झाकली.

रिपोर्ट घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांचं मोठेपण इथे लिहायलाच हवं. ते म्हणाले, ‘‘तुमचं बरोबर आहे, ही तपासणी मी आधीच सांगायला हवी होती.’’ इंजेक्शनं सुरू केली, मेटफॉर्मिन पुन्हा चालू केलं. डावा पाय आता ठीक आहे. उजव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. फार दिवस कमतरता राहिली तर नसा पूर्ण सावरतीलच असं नसतं.

संपादक महाशय, डॉक्टरांना, सरकारला आणि ठरलेल्या मतांना प्रश्न विचारणं आपल्या नागपूरला नवीन नाही. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. धान निघाल्यावर ओलीवर लाखोळी टाकायचे. माझी आजी ती डाळ रात्रभर भिजवायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायची. काहून, ते तिला सांगता आलं नसतं. लाखोळीतला जो विषारी घटक दुष्काळात महिनोन्‌महिने तीच डाळ खाणाऱ्यांचे पाय लुळे करतो, तो पाण्यात विरघळतो आणि असं केल्यानं बराच कमी होतो. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. ही बंदी उठवा म्हणून नागपूरचे शांतीलाल कोठारी वर्षानुवर्षं झगडले. त्यांच्याच संस्थेनं आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. जुलै २०११ च्या निकालात न्यायालय म्हणालं, साधं मीठ काही आरोग्याला घातक पदार्थ नव्हे, त्यामुळे भेसळविरोधी कायद्याखाली त्याच्या विक्रीवर बंदी घालता येत नाही. तरी सरकारला योग्य वाट काढता यावी म्हणून तो नियम सहा महिने चालू ठेवला. पुढे अन्न सुरक्षेच्या नव्या नियमांतही हा निर्बंध राहिला.

कोठारींची सगळी मतं मला पटत नाहीत. मी आयोडीनचंच मीठ खाते. त्याला कारण हिमाचल प्रदेशातलं कांगडा खोरं. वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून त्या खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचं मीठ दिलं, एकाला साधं. आयोडीन मिळालेल्या भागांत काही वर्षांत गलगंड उतरला, साध्या मिठाच्या भागात तो तसाच राहिला. शंकेचं उत्तर असं मिळायला हवं, मोजून. कोठारींचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, त्याला उत्तर द्यावं लागलं. मी त्या जोडप्याला साखरेचा आकडा दाखवला तेव्हा मला उत्तर म्हणून ‘मळ’ मिळाला. तिथेच मी उठायला हवं होतं.

आता दिरांचं सांगते. त्यांना जीवनसत्त्व ‘ड’ची ६०,००० युनिटची गोळी दिली होती, आठवड्याला एक, आठ आठवडे. चिठ्ठी इंग्रजीत, अक्षर न लागणारं. घरी आल्यावर तिचं ‘रोज एक’ झालं. औषधाच्या दुकानात जुनं पाकीट दाखवलं की नवीन मिळायचं, कोणी विचारलं नाही. अडीच महिन्यांनी उलट्या, सारखी तहान, बोलण्यात घोळ. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं. मूत्रपिंडावर येता येता वाचलं. व्हिटॅमिन आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल, हे ‘ड’ला लागू नाही, ते शरीरात साठतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या बायांनीही एवढं लक्षात ठेवावं, की त्यामुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. रक्त देण्याआधी ते सांगायला हवं.

खाण्याबद्दल मी फार लिहीत नाही. जवसाची चटणी, अंबाडी, ज्वारीची भाकर, वरण, दही हे आपल्याकडे होतंच, आणि डब्यापेक्षा ते स्वस्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण हेही खरं, की नुसतं घरचं खाऊन माझं बी-ट्वेल्व्ह भरून निघालं नसतं. तिथे इंजेक्शनच लागलं. ‘सगळं ताटातूनच मिळतं’ असं म्हणणाऱ्यांनाही मी म्हणूनच प्रश्न विचारते.

माझ्या तीन मागण्या आहेत. मधुमेहाच्या रुग्णाला मेटफॉर्मिन देणाऱ्या डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह कधी तपासलं त्याची तारीख फाइलवर लिहावी. लिहिली की नाही ते रुग्णालाही बघता येईल. पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापणं नियमानं बंधनकारक आहे. आपल्या अंकात अशा डब्याची जाहिरात छापताना ती ओळ मराठीत, वाचता येईल एवढ्या टायपात छापावी, एवढं आपल्या हातात नक्की आहे. आणि औषध कधी, किती दिवस घ्यायचं, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून मिळावं. आमचे दीर सातवी शिकलेले आहेत. ‘आठवड्यातून एकदा’ हे दोन शब्द त्यांना वाचता आले असते.

आपली नियमित वाचक,
नंदनवन, नागपूर